आईलेकीची दोन घड्याळं

घड्याळाचं मागचं झाकण उघडून डोळ्याला भिंग लावलं, तेव्हा बॅलन्स एका बाजूला कलंडलेला दिसला. मी चिमट्याने त्याला हलकेच हलवलं. तो डगमगला आणि तसाच पडून राहिला.

"काय झालं?" काउंटरपलीकडून ठावरी काकांनी विचारलं.

आमच्या कामात दोष कळला तरी तो गिऱ्हाइकाला कसा सांगायचा हे मला अजून नीट येत नाही.

बॅलन्स म्हणजे घड्याळातलं ते छोटं चाक, जे सतत पुढेमागे झुलत असतं. टिकटिक होते ती त्याच्यामुळे. त्याचा आस केसासारखा बारीक असतो. घड्याळ फरशीवर पडलं की आसाचं टोक मोडतं. मग चावी कितीही द्या, घड्याळ चालत नाही.

"हातातून पडलं काय, काका?"

"पडलं. सोमवारी. चावी देता देता," ते म्हणाले. "अंगठ्यात जोर नाई राह्यला."

घड्याळ बायकी होतं. डायल चण्याच्या डाळीएवढी नाही, पण रुपयाच्या नाण्याहून लहान. ते त्यांच्या बायकोचं. काकू जाऊन काही वर्षं झाली होती.

मी वणीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर राजूरला. बाबा चुनाभट्टीवर कामाला जातात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मीच पहिली. घरात मनगटी घड्याळ कुणाकडेच नव्हतं, खाणीचा भोंगा झाला की वेळ कळायची. कॉलेज सुटलं की मी करीमचाचांच्या दुकानात बसते. बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख. चाचांच्या हाताला कंप सुटला, तसं त्यांनी मला बारीक काम शिकवलं. दुरुस्त केलेलं घड्याळ दोन दिवस मनगटावर बांधून तपासावं लागतं, त्याला आम्ही ट्रायल म्हणतो. त्यामुळे कॉलेजात माझ्या हातावर सारखं नवं घड्याळ असतं. मैत्रिणींना वाटतं मी फार सुखातली आहे.

तेव्हा कापसाचे दिवस वाईट चालले होते. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. ऐन हंगामात आमच्या दुकानासमोरून कापसाच्या गाड्यांची रांग जायची, ती आता दिसत नव्हती. लोक घड्याळ दुरुस्तीला टाकून जात आणि न्यायला येत नसत. आमचा अर्धा खण अशा घड्याळांनी भरला होता.

ठावरी काका अशाच एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये टाइमकीपर होते. म्हणजे कोण कामगार किती वाजता आला, किती वाजता गेला, हे बघणं त्यांचं काम. त्यांना घड्याळांचा शौक होता. ट्रान्झिस्टरच्या जुन्या चामडी कव्हरमध्ये ते सगळी घड्याळं ठेवत आणि वर्षातून एकदा तेलपाण्याला आणत. सगळी चावीची. रोज सकाळी आंघोळ झाली की ते एकेकाला चावी देत.

त्या दिवशीही त्यांनी सगळी काउंटरवर मांडली होती. एक लग्नातलं, सासऱ्यांनी दिलेलं. आमच्याकडे नवरदेवाला घड्याळ लागतंच. "पट्टा एवढा ढिला, का अक्षता टाकेपर्यंत घड्याळ कोपरात," ते सांगत. दुसरं फिटर मन्सूरभाईंचं. जिनिंगला कुलूप लागलं त्या दिवशी दोघांनी फाटकात उभं राहून आपापली घड्याळं बदलून घेतली होती. मन्सूरभाई पुढे मुलाकडे नागपूरला गेले. त्यांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं, पण काकांनी तो दोष कधी आम्हाला काढू दिला नाही. "तो मानूस बी उशिराच येत होता," म्हणत.

आणि दोन बायकी घड्याळं, अगदी एकसारखी. मुलगी वंदना दहावी पास झाली, तेव्हा आईलेकीला जोडीने घेतलेली. त्यातलं आईचं आता माझ्यासमोर उघडं पडलं होतं. लेकीचं बाजूला टिकटिक करत होतं.

"काका, याचा स्पेअर पार्ट आता येत नाही," मी शेवटी म्हटलं. "कंपनीने हे मशीन बंद केलं. चाचांनी नागपूरला दोनदा विचारलंय."

"मंग?"

"सेलचं मशीन टाकता येईल. डायल, काटे तेच राहतील. बाहेरून कुणाला कळणार नाही."

"चावी?"

"सेलच्या घड्याळाला चावी लागत नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग कायले पाहिजे ते? सकाळी मी त्याले हात कायले लावीन?"

मग त्यांनी बोटाने लेकीचं घड्याळ माझ्याकडे सरकवलं.

"याचं मशीन सेमच आहे ना?"

"सेमच आहे."

"मंग यातला बॅलन्स काढ, अन् त्यात टाक."

दुरुस्तीच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोन बंद घड्याळांतून एक चालू करतात. पण इथे एक घड्याळ चालू होतं. मी चाचांकडे पाहिलं. ते मागच्या स्टुलावर पेपर वाचत होते, पण ऐकत होते.

"ये घडी किसकी है, ठावरीजी?" चाचांनी विचारलं.

"माह्यीच. म्हणजे, वंदीची."

"तो उससे पूछना पडेगा."

चाचांचा हा एक हट्ट आहे. घड्याळ कोण घेऊन आला हे ते बघत नाहीत, ते कुणाच्या हातातलं आहे हे बघतात. पार्ट बदलायचा तर त्याची परवानगी पाहिजे. कधीतरी एका मेव्हण्याने दाजीच्या घड्याळाची डायल बदलून नेली, आणि दाजी दुकानात येऊन खूप बोलला. तेव्हापासूनचा हा नियम.

"ती ठेवून गेली, चाचा," काका म्हणाले. "ठेवून गेली म्हणजे माह्यंच झालं."

"उसने रखी, या आपने उतरवाई?"

काका काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. मी उगाच चिमटा पुसला.

मग ते बोलले ते तुटक बोलले. वंदनाताईंनी स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं. मुलगा चंद्रपूरचा, शिकलेला, नोकरीचा. पण माझ्याच समाजाचा, बौद्ध. हे सांगताना काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं आडनाव त्यांना माहीत होतं.

"मी म्हनलो, जायचं तं जा. माह्या घरातली एक वस्तू नेऊ नोको. तिनं तिथंच उभ्या उभ्या घड्याळ सोडलं. टेबलावर ठेवलं. तवापासून मीच चावी देऊन राह्यलो."

"फिर तो घडी उसकी है," चाचा म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं.

मला वाटलं, काका आता सगळं कव्हरमध्ये भरून दुसऱ्या दुकानात जातील. टिळक चौकाकडे दोन दुकानं आहेत, तिथे कुणी काही विचारलं नसतं. पण ते उठले नाहीत.

"शेजारी फोन आहे ना?" त्यांनी मला विचारलं.

"एसटीडी बूथ आहे."

"तूच बोल, माय. दुकानातून बोलून राह्यली म्हण."

"मी काय बोलू? तुम्ही बोला ना."

"मले काय बोलता येते? तू नियम सांग."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. मी केबिनमध्ये गेले. ते बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

पलीकडून बाईचा आवाज आला. मी नाव सांगितलं, वणीचं घड्याळाचं दुकान सांगितलं. मग पाठ केल्यासारखं बोलले. तुमचं एक घड्याळ आहे, त्यातला पार्ट काढून दुसऱ्यात टाकायचा आहे, तुमची परवानगी पाहिजे.

"माझं घड्याळ?" त्या म्हणाल्या. "ते अजून आहे?"

"आहे."

"बंद पडलं असेल."

"नाही ताई. चालू आहे. रोज चावी दिलेली आहे."

"कोण देतं?"

"काका देतात."

मी मीटरचे पुढे सरकणारे आकडे बघत राहिले.

"अन् दुसरं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"काकूंचं. काकांच्या हातातून पडलं. त्याचा आस मोडलाय."

"हात कापतात का त्यांचे?"

"थोडे."

मग त्या म्हणाल्या, "नका खोलू. माझं आहे ते. मी घेऊन जाईन." आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले. काकांनी वळून पाहिलं.

"नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "स्वतः न्यायला येते म्हणाल्या."

"कवा?"

"ते नाही सांगितलं."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल, कारण त्यांना काकूंचं घड्याळ चालू करून पाहिजे होतं. त्यांनी फक्त मान डोलावली. आत आले. लेकीचं घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि कव्हरमध्ये न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवलं. काकूंचं आमच्याकडे ठेवून गेले. स्पेअर मिळालं तर बघा, म्हणाले.

त्यानंतर ते दुकानात फार येऊ लागले. कधी पट्टा, कधी काच, कधी नुसतीच वेळ मिळवायला. येत आणि स्टॅण्डवरून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसत.

"चंद्रपूरची गाडी लेट आहे आज," एकदा म्हणाले.

"टाइमकीपर हो," चाचा म्हणाले, "अब एसटी की भी हाजिरी लोगे?"

काका हसले. गाडी आली, माणसं उतरून गेली. ते उठले आणि घरी गेले. त्यांना पाठमोरं जाताना पाहून मला आपल्या बाबांची आठवण का येत होती, ते मला नीट सांगता येणार नाही. मी बाबांना कधी अशी कुणाची वाट पाहताना पाहिलेलं नाही. कदाचित मी घरी उशिरा जाते तेव्हा ते बघत असतील, आणि मी पोचले की बघत नव्हते असं दाखवत असतील.

वंदनाताई आल्या तेव्हा नेमके काका नव्हते. कापसाचा हंगाम संपत आला होता. दुपारची वेळ. खांद्याला पर्स, चपलांवर धूळ. दुकानाच्या पायरीवर थांबून त्यांनी विचारलं, "फोन तुम्हीच केला होता का?"

मी हो म्हटलं.

"माझं घड्याळ द्या."

"ते इथे नाही ताई. घरी आहे."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं होतं, दुकानातून घ्यायचं आणि परतीच्या गाडीने निघायचं. त्या स्टुलावर बसल्या. चाचांनी चहा सांगितला.

"तुम्ही आणून देता का?" त्यांनी मला विचारलं. "घर जवळच आहे. मी इथं थांबते."

मी उठणारच होते. चाचांनी हाताने मला बसवलं.

"हम किसी के घर से घडी नहीं लाते, बेटी. मालिक खुद जाके ले. दुकान का नियम है."

असा काही नियम आमच्या दुकानात नव्हता. मागच्याच आठवड्यात मी डॉक्टरबाईंचं घड्याळ त्यांच्या घरून आणलं होतं. मी मान खाली घालून भिंग पुसत बसले.

वंदनाताईंनी चहा पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला. "तुमचे नियम फार आहेत," म्हणाल्या आणि पायरी उतरल्या. स्टॅण्डकडे जातात की घराकडे, ते मी दारात जाऊन पाहिलं. चौकात त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घराच्या बाजूला वळल्या.

दुसऱ्या दिवशी काका आले. खिसा रिकामा होता.

"नेलं तिनं," ते म्हणाले.

"बोलल्या?"

"चहा केला. साखर कुठं ठेवता म्हने. मी म्हनलो, जिथं होती तिथंच. दोघांनी पेला. मंग पट्टा लावून पाह्यला तं मनगटाले पुरे ना. भरली आता ती. मी दाभणानं आनखी एक भोक पाडून देल्लं." ते थांबले. "चार वाजताची गाडी होती. तिचा मानूस काही वाईट नसन, तिच्या तब्येतीवरून."

"पुन्हा येणार आहेत?"

"नाई बोलली तसं." त्यांनी काचेवर हात टेकले. "मी काल सकाळीच फुल चावी देल्ली होती. ती आली त्याच्या आधी. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत चालन. मंग तिलेच द्या लागन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देईन ना?"

"देतील," मी म्हटलं. मला खात्री नव्हती, पण दुसरं काय म्हणणार?

काकूंचं घड्याळ अजून आमच्याकडेच आहे. स्पेअर मिळालेलं नाही आणि बहुतेक मिळणार नाही. काका अधूनमधून विचारायला येतात, आम्ही नाही म्हणतो. ते म्हणतात, राहू द्या, घाई नाही. सकाळी चावी द्यायची घड्याळं दोन कमी झाली आहेत, त्यामुळे काम लवकर आटपतं आणि मग वेळ जात नाही, अशी त्यांची तक्रार असते. त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

हिशेबाने पाहिलं तर हे काम फसलं. बंद घड्याळ बंदच राहिलं, आणि चालू होतं ते शहराबाहेर गेलं. तरी मी त्यातून एक गोष्ट धरून ठेवली आहे. झाकण उघडण्याआधी मालकाला विचारावं, आणि उत्तर यायला जो वेळ लागतो तो दुरुस्तीच्या वेळेतच धरावा.