रेघ नसलेला प

रविवारी सकाळी नऊला इंदूबाई आमच्या दारात यायची, हातात आमचाच पेपर घेऊन. तिचं घर गल्लीच्या तोंडाशी, कोपऱ्याचं. पेपरवाल्याला आतपर्यंत यायचा कंटाळा, म्हणून तो आमचा मराठी पेपर तिच्याच ओट्यावर टाकून जायचा. ती यायची, पायरीवर बसायची, मी चष्मा लावायचे आणि त्यातली ही रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवायचे. कैक वर्षांचा नेम. मे महिन्यातल्या त्या रविवारी नऊ वाजले, सव्वानऊ झाले... मी म्हटलं, ऊन बाधलं असेल, शाळेला सुट्ट्याच आहेत, पडली असेल. तेवढ्यात तिची सून सुनीता आली. "आक्का, आई उठत नाहीयेत," म्हणाली. तिच्या हातात पेपर होता. तो तिनं कशाला आणला, हे तिलाही सांगता आलं नसतं. मी गेले तर इंदूबाई कुशीवर झोपलेली, हात गालाखाली. पहाटेच कधीतरी गेली होती. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. कुणाला हाक नाही, काही नाही.

आता इंदूबाई कोण, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. सुरतेत पर्वत पाटियाच्या अलीकडे आमची वस्ती, तिथून दहा मिनिटं चालत गेलं की एक हायस्कूल आहे, गुजराती माध्यमाचं. तिथं ती पाणी भरायची. सकाळी टाकी भरायची, नळांचा ओटा घासायचा, स्टीलचे पेले धुऊन कठड्यावर उपडे घालायचे, हे तिचं काम. शाळेत सगळे तिला इंदूबेन म्हणायचे, आमच्या गल्लीत इंदूबाई. मूळची खानदेशातली, अमळनेरकडची. नवरा सांच्यावर म्हणजे लूमवर होता, तो लवकर गेला. मुलगा इच्छापोरला कंपनीत कंत्राटावर. मी मराठवाड्याची. ती अहिराणी बोलायची, मी आमची बोली, आणि भाजीवाल्याशी दोघी गुजराती. तीस वर्षांत आमचं कधी अडलं नाही. बोलायचं काम मी करायचे, ऐकायचं ती.

मला शाळा मिळाली नाही. मुलाच्या, रमेशच्या, अंकलिपीवरून मी वाचायला शिकले, तेव्हा मी तिशीची होते. धागा कटिंगच्या कारखान्यात जायचे, तिथं साडीच्या खोक्यांवरची नावं वाचत बसायचे. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे, खोटं कशाला बोलू. इंदूबाई पहिल्यांदा म्हणाली, "आक्का, माले वाचता येस नई, तुम्ही वाचा, मी ऐकस," तेव्हा मला फार बरं वाटलं. वाचून दाखवायला माणूस मिळालं की वाचणाऱ्याची छाती जरा पुढं येतेच. एकदा वाचताना मी कुठंतरी ओळ गाळली असेल, तर ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, "मधमा काहीतरी राही गयं वाटस." मी म्हटलं, "ऐकणाऱ्याला तसं वाटतं इंदूबाई, वाचणाऱ्याला माहीत असतं." ती हो म्हणाली आणि सुपारी तोंडात टाकली.

तिचं खरं काम मला माझ्या नातीमुळं कळलं. पल्लवी, रमेशची थोरली. आठवीपर्यंत ती गावी होती, माझ्या धाकट्या दिरांकडे, परतूरजवळ. इथं रमेश मिलमध्ये फोल्डिंग खात्यात, सूनबाई घरी साड्यांना स्टोन लावायची, एका खोलीत पाच माणसं, म्हणून पोरगी तिकडे ठेवली होती. नववीला तिला सुरतेला आणलं. मराठी हायस्कूल लांब, दोन रिक्षा बदलाव्या लागतात. एकट्या पोरीला कोण पाठवणार. म्हणून हे जवळचं गुजराती. रमेश पहिल्याच दिवशी म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू. जमलं तर ठीक. नाहीतर आईबरोबर स्टोन लावायला बसेल." तो वाईट बोलला असं नाही. त्यानं स्वतः आठवीनंतर सोडलेली, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरींनी तिथंच सोडलेली. आठवी झाली की पोरगी घरी, यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं. पण पल्लवीला शिकायचं होतं. गावच्या शाळेत ती पुढच्या बाकावर बसणारी पोरगी. त्या रात्री तिनं दप्तर तीनदा भरलं आणि तीनदा काढलं.

पहिल्या दिवशी शाळेनं प्रत्येकाच्या हातात खोलीच्या नंबराची चिठ्ठी दिली. आता गुजराती पाचाचा आकडा तुम्ही पाहिला असेल. आपल्या 'प'च्या डोक्यावरची रेघ पुसली की झाला गुजराती पाच. पल्लवीनं वाचलं, 'रूम प'. अशी खोली कुठं दिसेना. विचारायचं तर भाषा येईना. मग तिनं स्वतःच डोकं चालवलं, प म्हणजे पाणी, आणि ती जाऊन पाण्याच्या ओट्याजवळ दप्तर मांडीवर घेऊन बसली. पहिला तास संपला, दुसरा सुरू झाला. वर्ग इथं उघड्यावर भरतो, शिक्षक यायचे आहेत, असं समजून बसली होती. संध्याकाळी तिनंच मला हे सांगितलं, तेव्हा तिला हसू येत होतं, म्हणजे वाईट संपलं होतं.

ते असं संपलं. इंदूबाई बादली घेऊन आली आणि म्हणाली, "काय व माय, आठे काय करी राहिनी?" पल्लवीला अहिराणी निम्मीच कळायची, पण त्या दिवशी निम्मी पुष्कळ होती. तिनं चिठ्ठी पुढं केली. इंदूबाईनं ती हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि परत दिली. "माले वाचता येस नई. तू आठवी पास शे ना? मंग वाच बरं."

"रूम प," पल्लवी म्हणाली.

"आस्सं. आन या दारावर काय लिखेल शे?"

त्या ओट्यामागं एक छोटी खोली आहे, झाडू-बादल्यांची. तिच्या दाराच्या आतल्या बाजूनं खडूनं लिहिलेलं होतं, निरनिराळ्या अक्षरांत, काही पुसट, काही ताजं. एका बाजूला आपले आकडे, समोर गुजराती आकडे. खाली शब्द. चोपडी म्हणजे पुस्तक. लेसन म्हणजे घरचा अभ्यास. मोडुं म्हणजे उशीर. हा शेवटचा शब्द कुणीतरी दोनदा गिरवला होता, कारण गेल्या वर्षी एका पोराला बेननं, म्हणजे वर्गाच्या बाईंनी, विचारलं, "केम मोडुं थयुं?" आणि त्यानं हात जोडून सांगितलं, मी काही मोडलं नाही. पल्लवीनं आकडे वाचत वाचत पाचापर्यंत बोट नेलं आणि थांबली. "हा प नाही," म्हणाली, "हा पाच आहे." इंदूबाईनं डोळे मोठे केले. "आसं का? बरं झालं तू सांगं. मी तर इतला वरीस 'प'च समजत होतू." मग तिला पाच नंबरच्या वर्गापर्यंत घेऊन गेली आणि दारातून बेनना म्हणाली, "नवी छे, मने वांचीने समजावती हती." म्हणजे, ही नवीन आहे, मला वाचून समजावत होती. उशिराचं कारण हे. बेननी तिला आत बसवलं.

दर वर्षी तिचं हेच. जूनमध्ये गावाकडून, बारडोलीच्या उसाच्या पट्ट्यातून, कुठून कुठून आलेली मराठी पोरं असायची, पाच-सात तरी. ती त्यांना शिकवायची नाही. त्यांनाच विचारायची. हे काय लिहिलंय, तो शिक्का कसला, बेन काय म्हणाल्या, मला कळत नाही, तू सांग. रडवेलं झालेलं पोर तिला समजावायला लागलं की रडणं विसरायचं. दारावर नवा शब्दही पोरांनीच लिहायचा. मी तिला म्हटलं होतं, "इंदूबाई, मी तुला शिकवते ना वाचायला, रमेशची अंकलिपी अजून आहे." तर म्हणाली, "माले उनं तर मंग पोरी माले काय सांगतीन?" स्वतःला वाचता आलं तर पोरी काय सांगणार, हे मला तेव्हा फक्त आळशीपणाचं वाटलं.

पल्लवीचं मात्र एवढ्यानं जमलं नाही. जुलै-ऑगस्ट जड गेला. दिवाळीचा वायदा घरात रोज ऐकू यायचा, कुणी बोललं नाही तरी. आणि मग एका गुरुवारी पोरगी उठलीच नाही. पोट दुखतं म्हणे. सूनबाईनं ओवा दिला, मी शेक दिला. दुपारी पाहते तर ती आईशेजारी बसून साडीला स्टोन लावत होती, अगदी सरळ ओळीत. ते सरळ लागलेले स्टोन मला नको वाटले. हे काम तिला जमत होतं.

तीन वाजता, शाळेच्या मोठ्या सुट्टीत, इंदूबाई दारात. पदराला हात पुसत. ओटा सोडून ती कधी यायची नाही.

"आज पाणी प्यायला का नही उनी व?"

"पोट दुखतंय," पल्लवी खाली बघत म्हणाली.

"परीक्षा शे म्हनीसन दुखस का?"

"परीक्षा झाली. परवाच झाली." आणि मग सगळं बाहेर आलं. "बेन काल म्हणाल्या, काले गणिताची कसोटी. मी परवा वर्गातच होते मावशी, पूर्ण दिवस. मला न विचारता घेतली. मला शून्य मिळणार, आणि पप्पा..."

इंदूबाईनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मी हसू दाबायला आत गेले. ती हसली नाही. ती खाली बसली, पल्लवीच्या हातातली सुई काढून साडीत खोचली. "येडी माय, गुजरातीमा काल बी काले आन उद्या बी काले."

"मग ओळखायचं कसं?"

"शेवटला शब्द ऐक. हती म्हनतीन तर व्हई गयी. छे म्हनतीन तर व्हनार शे. बेन काय म्हन्यात?"

पल्लवीनं डोळे मिटून आठवलं. "छे," म्हणाली.

"मंग आज शे. शेवटला तास. ऊठ."

दोघी चालत गेल्या, म्हणजे जवळजवळ पळत. जाताना इंदूबाई विचारत होती आणि पल्लवी पाढे सांगत होती, ते मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं. गणितात ती पास झाली, काठावर, पण पास. बेनकडं इंदूबाईनं काय सांगून तिला आत बसवलं, ते मला माहीत नाही. दिवाळी आली आणि गेली, रमेशनं विषय काढला नाही. थंडी पडली तेव्हा जेवताना म्हणाला, "हिचं शाळेचं स्वेटर आखूड झालंय, नवीन बघायला पाहिजे." एवढंच. सूनबाई आणि मी एकमेकींकडं न बघता भाकरी खात राहिलो. पल्लवी आता दहावीला गेली.

वाचता न येणारी बाई 'हती' आणि 'छे'चा फरक व्याकरण शिकवल्यासारखा इतका नेमका कसा सांगते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी माझ्याच वाचण्यात होते.

तेराव्यानंतर शाळेतून तिची कापडी पिशवी आली. सुनीतानं माझ्यासमोरच उघडली. अडकित्ता, गाळण्याचं फडकं, केसांच्या पिना आणि एक चष्मा. जवळचं वाचायचा, जाड भिंगाचा. मी म्हटलं, "हा कुणाचा?" सुनीता म्हणाली, "आईंचाच. एक घरी, एक शाळेत." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, आई सातवी शिकलेल्या होत्या, गावी. गुजराती इथं शिकल्या, पाट्या वाचून वाचून. तुम्हाला माहीत नव्हतं?" रविवारची पुरवणी ती सकाळी सातलाच ओट्यावर बसून वाचून काढायची. नऊला घडी परत बसवून माझ्याकडं आणायची. सुनीतानं तिला एकदा विचारलंही होतं, तर म्हणाली होती, आक्काले वाची दखाडाले आवडस.

खरं सांगते, दोन दिवस मला राग आला. कितीतरी रविवार... मी भविष्य वाचून दाखवायचे, पाककृती वाचून दाखवायचे, शब्दांचे अर्थसुद्धा समजावून सांगायचे. ती प्रत्येक वेळी म्हणायची, आसं का? तिसऱ्या दिवशी ते आठवून मला पोरीसारखं मोठ्यानं हसू आलं, सूनबाई आतून बघायला आली. माझं वाचन सुधारलं ते कशानं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मीही तिच्या ओट्यावरचीच एक नवी पोरगी होते.

जूनमध्ये शाळा उघडली. इंदूबाईच्या जागी अजून कुणी आलेलं नव्हतं. पल्लवी म्हणाली, "आजी, पहिल्या दिवशी तू ये ना, पोरं गोंधळतील." तिथल्या मुख्याध्यापिका, मोटां बेन म्हणतात त्यांना, हो म्हणाल्या. मी जाऊन ओट्यावर बसले. पेले कठड्यावर उपडे घातले, ते तिच्यासारखे सरळ रांगेत काही बसले नाहीत. बारा वाजता एक मुलगी आली, दोन वेण्या, नवंकोरं दप्तर, हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर काय आहे ते मला लांबूनच दिसलं, सात. जीभ शिवशिवली. जन्मभर कुणी कागद धरला की मी आधी वाचणार, हा माझा स्वभाव.

मी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला. "बाई गं, मला वाचता येत नाही. तू आठवी पास ना? वाच बघू."

तिनं चष्म्याकडं पाहिलं. "मग हा कशाला?"

"पाणी स्वच्छ आहे का बघायला," मी म्हटलं.

तिला ते पटलं की नाही, कोण जाणे. पण मी ओट्यामागच्या खोलीचं दार उघडलं, आणि तिनं खडूच्या आकड्यांवर बोट ठेवून एकापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चार, पाच, आणि घाईघाईत एकदम सात. माझ्या तोंडून इंदूबाईचंच निघालं.

"मधमा काहीतरी राही गयं वाटस."

तिनं बोट मागं नेलं.