न पाहताच दिलेलं ‘नाही’

सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीतून आतल्या कॉम्प्युटरचा काळा पडदा दिसतो, त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. माझ्यापुढच्या मावशींनी नाव सांगितलं, यमुना जाधव. क्लार्कने आडनाव टाइप केलं आणि पडदा जाधवांनी भरला, आनंदपासून. त्याने दोनदा पान उलटलं आणि महादेवपाशी थांबला.

“नाही सापडत. नवीन पेपर काढा.”

“अरे बाळा, मला कुठलंसं इंजेक्शन सोसत नाही. ते जुन्यातच लिहिलंय.”

“मग मी काय करू, मावशी?”

पडद्याच्या तळाशी, पुढे आणखी नावं आहेत, अशी इंग्रजी ओळ लुकलुकत होती. ती मला खिडकीबाहेरून वाचता येत होती. यमुनाचा वाय इंग्रजीत अगदी शेवटी येतो, हे त्याला ठाऊक नसेल? मला संताप आला तो त्या ‘नाही’चा. आपण पाहिलं नाही, एवढंच खरं असताना माणूसच नाही म्हणून सांगायचं! हे उत्तर ऐकून किती यमुना, किती वत्सला निमूट परतल्या असतील.

अनोळखी माणसांशी मी सहसा बोलत नाही. “अजून पानं आहेत,” मी म्हणाले. आवाज चिरकाच निघाला.

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि बटण दाबलं. जाधव यमुना.

“काय मावशी, शेवटच्या पानावर आहात हे आधी सांगायचं ना!”

“चुकलंच माझं, बाळा,” मावशी म्हणाल्या.