तळघरातला श्वास

कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्रातल्या बाईंना सगळा भाग ‘मशरूमताई’ म्हणायचा. खरं नाव सासरचेसुद्धा विसरत चालले होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनीच गिरणीमागच्या गल्लीतल्या बायकांना एका रिकाम्या तळघरात मशरूम पिकवायला शिकवलं. पेंढा उकळण्यापासून हॉटेलवाल्यांशी भावाची घासाघीस करण्यापर्यंत सगळं. गल्लीत हातातोंडाची गाठ नीट पडू लागली. ‘बायकोच्या हाताखाली राबायचं का?’ म्हणत मिशा पिळणारे नवरे मुकाट टोपल्या उचलायला लागले.

ऐन थंडीत गल्लीत काम करणाऱ्या दोन जावांपैकी थोरली केंद्रात आली. चेहरा पांढराफटक.

“ताई, आम्ही खाली उतरत नाही आता. तिथे कोणीतरी श्वास घेतं. काल धाकटी वाकली ती उठलीच नाही, ओढून काढली. शुद्धीवर आल्यावर म्हणते, आई हाक मारत होती. तिची आई जाऊन किती वर्षं झाली!”

ताई लगेच निघाल्या. तळघराच्या दाराशी त्यांनी कमरेला दोर बांधला आणि टोक थोरलीच्या हातात दिलं. “मी बोलत राहीन. बोलणं थांबलं की ओढायचं.”

हातात मेणबत्ती घेऊन, मोठ्याने बडबडत त्या उतरू लागल्या. शेवटच्या पायऱ्यांवर ज्योत कोणी चिमटीत धरावी तशी विझली. अंधारात पांढऱ्या छत्र्यांच्या रांगा तेवढ्या दिसत होत्या. आणि खरंच श्वास ऐकू येत होता, संथ, अगदी जवळून.

“बबडे,” कानाशी कोणीतरी म्हणालं, “दमलीस. बस जरा.”

बबडी फक्त बाबा म्हणायचे. ताई बसल्या. आपण काय बोलत होतो तेही त्यांना आठवेना.

दोराला हिसका बसला.

वर आल्यावर कमरेचा दोर सोडत त्या म्हणाल्या, “भूतबीत नाही गं. मशरूमसुद्धा आपल्यासारखेच श्वास सोडतात. तो वायू जड, जमिनीलगत साचतो. डोकं बधिर होतं, भलतंसलतं ऐकू येतं. पण झरोके उघडे ठेवायला सांगितले होते ना मी?”

झरोक्यांत बाहेरून चिंध्या ठासून भरल्या होत्या. थोरलीची सासू ओट्यावरून शांतपणे म्हणाली, “मीच कोंबल्या. रोज आतून सांगायचे, थंडी वाजते, बुजव.”

“कोण सांगायचे, आई?” थोरलीने विचारलं.

“नाव कशाला विचारायचं? पुष्कळ आहेत.”

म्हातारी तळघरात कधीच उतरली नव्हती.

ताईंनी चिंध्या उपसल्या, जमिनीलगतची हवा ओढणारा पंखा बसवून घेतला. काम पुन्हा सुरू झालं, दुसऱ्या वस्त्यांतल्या बायकाही शिकायला येऊ लागल्या. त्यांना ताई आधी हवेचं शिकवतात, मग बियाण्याचं. वायूचं सगळं समजावतात. खाली बसल्यावर किती बरं वाटलं होतं, हे मात्र त्यांनी घरीसुद्धा कोणाला सांगितलेलं नाही.