ज्याची चूक, त्यानंच शोधायची

डबीर सर गेल्याची बातमी माझ्याकडे बाबांनी आणली. शाळेची मधली सुट्टी संपत आली होती, मुली वर्गाकडे पळत होत्या, आणि फाटकाशी बाबा उभे. घमापुरातल्या घरून भर उन्हात पायी चालत आलेले, टोपी हातात. माझ्या शाळेत ते कधी येत नाहीत. मी धावतच गेले. "मास्तर गेले, कुसुम," म्हणाले. "सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि..." तिथेच दगडावर बसले. कॉलेजात बीजगणित शिकवणाऱ्या प्राध्यापकाला 'मास्तर' म्हणायचं, हे बाबांनी एकदा रागाच्या भरात सुरू केलं होतं. राग केव्हाच गेला, शब्द तेवढा राहिला.

सरांना जाऊन आता काही आठवडे झाले. भेटेल तो मला सांगतो, "फार कडक हो तुमचे सर." होतेच. नाकावर राग, अंगात तोच तो तपकिरी कोट, आणि तोंडातून 'शाबास' निघेल तर शपथ. शिकवायचे इंग्रजीतून, रागवायचे हिंदीतून, आणि एखादी गोष्ट फार मनापासून सांगायची झाली की त्यांना मराठी सुटायची, मग समोरच्याला कळो न कळो. त्यांच्या वर्गाला कंटाळून इतिहासाकडे गेलेली मुलं आज जबलपुरात वकील आहेत आणि अजूनही त्यांना शिव्या देतात. त्यांचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण माझं आयुष्य ज्या एका माणसामुळे माझं झालं, तो हाच.

मी इंटरला गणित घेतलं तेव्हा आत्या बाबांना म्हणाली होती, "पोरीला काय पटवारी करायचंय का रे?" वर्गात मुलगी मी एकटी. प्रोफेसर येईपर्यंत व्हरांड्यात थांबायचं, त्यांच्या मागून आत जायचं, दाराजवळच्या वेगळ्या बाकावर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून बाहेर पडायचं, अशी रीत होती. मला कुणी प्रश्न विचारत नसे. मुलीला प्रश्न न विचारणं हा सभ्यपणा समजला जाई, आणि खरं सांगायचं तर मलाही तो सोयीचा वाटे.

डबीर सरांनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. "माझ्या वर्गात काय लागतं ते आधी ऐकून घ्या," म्हणाले. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात परत घालून बघायचं. पडताळ्याशिवाय उत्तर म्हणजे सहीशिवाय अर्ज. प्रत्येकानं फळ्याशी यायचं, पाळी आली की कारणं सांगायची नाहीत. आणि फळ्यावर चूक झाली तर ज्याची चूक, त्यानंच शोधायची. तोवर बाकीच्यांनी हू की चू करायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. सांगेल तो बाहेर. आणि मग एकदम मराठीत, "दुसऱ्यानं दाखवलेली चूक दुरुस्त होते हो, पण कळत नाही." हे ज्याला जमणार नाही त्याचं नाव ते परीक्षेला पाठवणार नव्हते. शेवटी माझ्या बाकाकडे बघून म्हणाले, "प्रत्येकानं म्हणजे प्रत्येकानं."

घरी हे सांगितलं मात्र, बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काहून? पोरांच्या पुढ्यात उभी राहून चुका करून राहिली, अन् ते दात काढून राहिले... हे बघायला तुला कॉलेजात घातलं का? कोण समजतो हा मास्तर स्वतःला!" आत्याला तर आयतंच सापडलं. अमरावतीचं एक स्थळ ती केव्हाची पदरात घेऊन बसली होती. फळा टळला नाही तर कॉलेज बंद आणि अमरावती, असं त्या संध्याकाळी ठरलं. मी रात्री जेवले नाही. मला गणित हवं होतं, अगदी जीव जाईल इतकं हवं होतं, आणि फळ्याची भीतीही तितकीच वाटत होती.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन सरांच्या घरी गेले. सरांनी आम्हाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. बाबा कचेरीतले जुने कारकून, अर्ज कसा गळी उतरवायचा हे त्यांना चांगलं ठाऊक. गोडीनं सुरुवात केली, "पोरगी मेहनती आहे, बाकी सगळं करीन ती, फक्त फळ्यातून तेवढी सूट द्या जी."

"सूट दिली तर ती वर्गात बसेल, घाटेसाहेब. शिकणार नाही."

"मग मी नाव काढतो तिचं."

"काढा. पण आधी एकदा वर्गात येऊन बसा. न बघताच काहून काढता?"

बाबांना हे आव्हान वाटलं. आले. कोट, टोपी, हातात छत्री, शेवटच्या बाकावर दोन दांडग्या पोरांच्या मध्ये ताठ बसले. सरांनी हजेरी घेतली आणि लगेच म्हणाले, "मिस घाटे, फळ्याशी." मी खडू उचलला. वर्गमुळाचं समीकरण होतं, घरी मी तसली डोळे मिटून सोडवत होते. तिथे मात्र हातातला खडू घामानं भिजला. उत्तर आलं. पडताळा घेतला... जमेना. मागे सगळा वर्ग चूक बघत होता, मला ती दिसत नव्हती, आणि सर माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेरचा कडुनिंब बघत उभे. कोणी हू नाही की चू नाही. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "अगं वजा! कंसाच्या आधी वजा आहे, आतलं चिन्ह बदल ना!"

सर वळले. "घाटे साहब, बाहर।"

पोरांचे चेहरे पांढरे पडले. बाबांचा लाल झाला. सरांपेक्षा वयानं मोठे, कचेरीत ज्यांना चपराशी उठून सलाम करायचे ते माझे बाबा, छत्री उचलून त्या सगळ्या पोरांमधून चालत बाहेर गेले. आता संपलं, अमरावती, एवढंच माझ्या मनात आलं. सर मला म्हणाले, "ती चूक आता तुमची राहिली नाही. फळा पुसा. दुसरं घ्या."

मी दुसरं घेतलं, आणि त्यातही चुकले! रडूच येणार होतं. पण रडत चूक शोधता येत नाही, डोळे धूसर होतात. म्हणून रडले नाही. एकेक ओळ बोटानं धरून वर चढत गेले, पार पहिल्या ओळीपर्यंत. चूक तिथेच होती, उतरवून घेतानाच एक आकडा मी बदलला होता. सापडल्यावर मी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाले असेन, कारण मुलांनी बाक वाजवले. सरांनी हात वर केला. "वाजवता कशाला? तिचं काम तिनं केलं. चलो, आगे।" खिडकीच्या गजांबाहेर बाबांची टोपी दिसत होती.

घरी जाताना बाबा माझ्या पुढे पुढे चालत होते. घमापूर जवळ आल्यावर म्हणाले, "बाहेर काढलं मला. गोऱ्या साहेबानं कधी काढलं नाही."

मी त्यांच्या हातातली छत्री घेतली.

"कोणी हसलं नाही पण तुला."

"नाही बाबा."

"त्या मागच्या बाकावरच्या पोरांनीसुद्धा नाही. मी बघत होतो ना त्यांच्याकडेच." मग थोडं पुढे जाऊन, "मास्तर खडूस आहे... उद्या वेळेवर जा." अमरावतीला नकार बाबांनीच कळवला, आणि आत्या महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही.

पुढे मी गणितात बी.ए. झाले, मास्तरीण झाले. निकाल सांगायला पेढे घेऊन गेले तर सर म्हणाले, "आता वर्गात मुलींना चुका करू देत जा." बस, एवढंच. मनातून मी हिरमुसले होते. आज वाटतं, त्यांच्याकडे देण्यासारखं त्याहून मोठं काही नव्हतंच, आणि ते त्यांनी मला दिलं.

खरी गंमत पुढेच झाली. बाबा पेन्शनीत निघाले आणि एका रविवारी सरांच्या व्हरांड्यात जाऊन म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी मला बाहेर काढलंत, उरलेला तास बाकी आहे माझा." तेव्हापासून दर रविवारी हे दोघे म्हातारे तिथे भिंतीला टेकवलेल्या फळ्यापुढे बसत. नियम तेच, पेन्शनरांना सूट नव्हती. सरांच्या पत्नी माई चहा ठेवून जात आणि मला सांगत, "तुझे बाबा आज फारच चुकले गं, चहा गार झाला दोघांचा." भांडणं तर किती! एकदा बाबा तिरमिरीत उठून निघून आले होते, आणि पुढच्या रविवारी टोपी सारखी करत आपणहून परत गेले.

शेवटच्या रविवारी बाबांनी एक लांबलचक समीकरण सोडवलं. उत्तर आलं, पडताळाही जमला. सरांनी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरं आहे. पुरं नाही."

"म्हणजे चूक आहे?"

"आहे."

"कुठे?"

सर हसले, म्हणे. आणि गुरुवारी गेले.

अस्थी ग्वारीघाटाला नर्मदेत सोडल्या, दिवस झाले, पाहुणे पांगले. तो फळा मात्र माईंनी कुणाला पुसू दिला नाही. बाबा रविवारी जातात, अजून जातात, त्याच्यासमोर बसतात. परवा मीही त्यांच्याबरोबर गेले. पायरी चढता चढताच मला चूक दिसली. बाबांनी दोन्ही बाजूंना क्षनं भागून टाकलं होतं. क्ष शून्यही असू शकतो, तेही एक उत्तर आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. जन्मभर कचेरीत शून्य म्हणजे काही नाही असंच धरलं त्यांनी... ज्याला ती चूक दिसली होती तो माणूस आता नाही, आणि बाबांना ती दाखवणारं मागे उरलं आहे ते माझ्याशिवाय दुसरं कोण? त्यांचं वय झालं आहे. मला भडभडून आलं, आणि मी तोंड उघडलं.

"कुसुम," मागे वळूनही न बघता बाबा म्हणाले, "बोलायचं नाही."

दारातून माईंनीही मला डोळ्यांनी दटावलं. मी तोंड मिटलं, आल्या पावली पायऱ्या उतरले आणि आपणहून बाहेर जाऊन उभी राहिले.