काळी पाच

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत मीटरच्या खोलीमागे एक राजवाडा उभा आहे. प्लायवूडचा, चार तुकड्यांचा, भिंतीला टेकवलेला. आमच्या हौशी मंडळाने पहिलं संगीत नाटक केलं तेव्हापासूनचा. रंग बदलून तो कधी देऊळ झाला, कधी तुरुंग. नव्या सेक्रेटरींनी तो भंगारात द्यायची भाषा केली, तेव्हा मी त्यांच्याशी तीन आठवडे बोललो नव्हतो. आजही फार बोलतो अशातला भाग नाही.

मी मंडळात पायपेटी वाजवतो. आठवडाभर ट्रॉम्बेला ऑफिस आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तालीम, असं आयुष्य गेलं, आणि मला ते मजेत गेलं असंच वाटतं. काय एकेक माणसं होती! आमचा नायक वेसाव्याच्या कोळीवाड्यातला. पहाटे बंदरावरची मासळी उरकून तो तालमीला यायचा आणि राजाची भाषणं अशी म्हणायचा, की एका पाहुण्याने त्याला तुम्ही कुठल्या कॉलेजात शिकवता म्हणून विचारलं होतं. तबलजीचं घाटकोपरला औषधांचं दुकान. गुजराती माणूस, पण आमच्या प्रत्येक नाटकातली सगळी पदं त्याला पाठ.

आणि ताई. आमच्या नायिका. शाळेत गणित शिकवायच्या आणि रंगमंचावर आल्या की पहिल्या ओळीतच माणसं खुर्चीत सावरून बसायची. त्यांचा सूर काळी पाच. म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीवर 'सा' धरून त्या गायच्या. बाईच्या गळ्यालाही हा सूर चढाच. आमच्याकडे रिवाज असा, की प्रेक्षकांनी वन्स मोअर मागितला की पद पुन्हा म्हणायचंच, मग उशीर होवो की हॉलवाला डोळे वटारो. ताईंच्या पदांना तो हमखास मिळायचा.

सहाव्या नाटकाच्या तालमीत त्यांचा वरचा सूर फाटला. तीनदा घेतला, तीनदा फाटला. त्या कोमट पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता दुसरी कोणी बघा रे." त्या गेल्या असत्या तर मंडळ कदाचित राहिलं असतं, पण मला त्यात पेटी वाजवायची नव्हती.

पुढच्या रविवारी मी काही न बोलता एक पट्टी खाली उतरलो. पांढरी सहा. तबला लावायचा म्हणून तबलजीला तेवढं सांगावं लागलं. ताई गायल्या, वरचा सूर लागला, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मी आणि तबलजीने एकमेकांकडे बघायचंच टाळलं. आठव्या नाटकाला आम्ही काळी चारवर आलो, दहाव्याला पांढरी पाचवर. तीन पट्ट्या उतरलो आणि त्यांना पत्ता लागू दिला नाही, याचा मला केवढा तरी अभिमान होता. कळलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी नाटक सोडलं असतं, याची मला खात्री होती.

गेल्या वर्षी आम्ही सगळ्या जुन्या नाटकांतली पदं एकत्र केली, वेशभूषेसकट. दुपारी चारचा प्रयोग, हॉल भरलेला. शेवटचं पद ताईंचं, पहिल्या नाटकातलं प्रवेशाचं. त्याच्या आधी एका नव्या मुलीचं पद होतं, तिचा सूर काळी पाच. तिला टाळ्या पडत होत्या, तबलजी तबला बदलायला वाकला, आणि पलीकडच्या विंगेतून ताई आल्या. अंगावर तोच डाळिंबी शालू, त्यांच्या लग्नातला, पहिल्या नाटकात नेसलेला. मी शालूकडे बघत बसलो आणि बोटं आपली आपण जुन्या जागी गेली. दोन ओळी वाजवून झाल्यावर मला कळलं, की मी काळी पाच धरली आहे.

"वाट लागली," तबलजी पुटपुटला, आणि वाकलेला होता तो तसाच सरळ झाला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्या गायला लागल्या. तो वरचा सूर जवळ येत गेला. सूर आला. बारीक, कडेला किंचित चिरलेला, पण आला, आणि त्यांनी तो धरून ठेवला. मी इतका घाबरलेला आणि इतका सुखावलेला त्याआधी कधीच नव्हतो.

वन्स मोअरचा गजर झाला. ताई पेटीकडे वळल्या आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता पांढरी पाच दे रे, दमले मी."

लोक हसले. मी मान खाली घालून पांढरी पाच दिली.

नंतर रंगपटात त्या शालूची घडी घालत होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, गणित शिकवलंय मी. एक पट्टी कमी झालेली कळणार नाही मला? पहिल्याच रविवारी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या मायेने करत होतास, काय बोलणार? पण घरी मात्र मी रोज काळी पाचच लावायची. म्हटलं, कधीतरी हा पुन्हा वर नेईल आपल्याला, तेव्हा गळा तयार हवा." घडी छातीशी धरून त्या हसल्या. "आज नेलंस. तुला विश्वास वाटला ना, बरं वाटलं बघ."

मी म्हटलं, "हो ताई."

यंदाच्या नाटकाच्या तालमी सुरू झाल्या आहेत. ताई आईच्या भूमिकेत आहेत, एकच पद आहे. ती चूक होती हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि तबलजीलाही बजावून ठेवलं आहे.