वेदीपाशी ठेवलेला केळीचा घड

लग्न होऊन मी धुळ्याहून भुसावळजवळच्या दीपनगरला आले, तेव्हा मला पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, इतकी वचनं पाठ होती की माहेरच्या मंडळीत त्याचं मोठं कौतुक होतं. संडे स्कूलचं बक्षीस ठरलेलं माझंच. सासरी दर बुधवारी संध्याकाळी घरातच शास्त्राभ्यास असतो हे कळल्यावर मी मनातून खूश झाले. म्हटलं, इथेही आपलंच नाव होणार!

पण आमच्या क्वार्टरमधला अभ्यास निराळाच निघाला. कॉलनीतली तीन-चार ख्रिस्ती कुटुंबं सतरंजीवर दाटीवाटीने बसायची. एक जण उतारा वाचायचा. वाचून झालं की माझे सासरे चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "बरं, मग करायचं काय?"

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. पॉवर स्टेशनात ते ऑपरेटर होते. सूचना वाचायची ती त्याप्रमाणे बटण दाबण्यासाठी, अशी त्यांची समजूत, आणि शास्त्रालाही त्यांनी तोच न्याय लावला होता. मी पहिल्याच बुधवारी एका उताऱ्याला जुळणारी आणखी चार वचनं घडाघडा म्हणून दाखवली. आबा कौतुकाने हसले आणि म्हणाले, "छान. आता यातलं एक या आठवड्यात करून बघ, पोरी."

मग काय, दर बुधवारी नुसती धमाल! शेजारच्या मावशींनी नळावर कुणाची निंदा करायची नाही असं ठरवलं आणि आठवडाभर त्यांना पाणी भरायचा कंटाळा आला. एका काकांनी 'होय म्हणजे होय' हे वचन मनावर घेतलं. बायकोने "भाजी कशी झाली?" विचारलं, तर त्यांनी खरं सांगितलं. पुढच्या बुधवारी दोघं सतरंजीच्या दोन टोकांना बसलेले! आम्ही हसून हसून बेजार. पण बुधवारची मी अशी वाट बघू लागले, जशी लहानपणी जत्रेची बघायचे. पाठ केलेलं वचन एकदम चालायला-बोलायला लागतं, हे मला नवीनच होतं.

असंच एका बुधवारी डोंगरावरच्या प्रवचनातला उतारा आला. तू वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण दे, असा त्याचा आशय. वाचणारे काका शेवटाला येता येता हळू झाले. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. कारण आबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं काय झालं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

ते माझ्याच लग्नात झालं होतं. थोरले भाऊ म्हणजे नाना, चाळीसगावला राहायचे. घरातले वडील म्हणून लग्नाची पहिली प्रार्थना त्यांनी करायची ठरलेलं. त्या दिवशी त्यांची गाडी फार उशिरा आली. इकडे पाळकसाहेबांना दुसरीकडे पोचायचं होतं, पाहुणे चुळबुळत होते. शेवटी आबांनी "सुरू करा" म्हटलं. नाना चर्चच्या दारात पोचले तेव्हा आमच्या अंगठ्या घालून झाल्या होत्या. ते दारातूनच माघारी फिरले. जेवले नाहीत, कुणाशी बोलले नाहीत. त्यानंतर दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद. मी तर माझ्या चुलत सासऱ्यांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

त्या बुधवारी आबांनी "मग करायचं काय?" हे विचारलंच नाही. शेवटची प्रार्थना करून ते मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले.

रविवारी भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. शेतातलं पहिलं पीक देवाला द्यायचा दिवस. वेदीसमोर ज्वारीची कणसं, वांगी, मेथीच्या जुड्या, शेंगा, कुणाच्या घरची कोंबडीसुद्धा पाय बांधून आणलेली. आमचं शेत नव्हतं, पण आबा दर वर्षी रावेरकडून केळीचा मोठा घड मागवायचे. अर्पणाचं गीत सुरू झालं. आबा घड खांद्यावर घेऊन रांगेत निघाले. वेदीपाशी पोचले, घड खाली टेकवला आणि तिथेच थांबले. मागची रांग थांबली. पाळकसाहेबांनी हात पुढे केला, तर आबा म्हणाले, "साहेब, आत्ता नको. हा इथंच राहू द्या. मी आधी चाळीसगावला जाऊन येतो."

आणि वळून सरळ दाराकडे चालू लागले!

सासूबाई उठल्या, मी उठले, आमचे हे पेटी वाजवत होते ते मधेच उठले. गाणं बिनपेटीचंच पुढे चाललं. बाहेर येऊन सासूबाई म्हणाल्या, "अहो, निदान उपासना तर संपू द्या!"

"तिथं 'उपासना संपल्यावर' असं लिहिलेलं नाही," आबा म्हणाले. "चला, गाडी मिळेल."

आम्ही स्टेशनकडे अक्षरशः धावलो. माझी सणाची नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा. गाडी फलाटावर उभीच होती. डब्यात शिरून बसलो आणि मला हसू आवरेना. भीतीही वाटत होती, नानांनी दार लावून घेतलं तर? पण मजाही येत होती, जणू आम्ही सगळे शास्त्राच्या त्या ओळीच्या आत शिरून प्रवासाला निघालो होतो. जळगाव गेलं, पाचोरा गेलं. आबा खिडकीशी बसून ओठ हलवत होते. प्रार्थना करत होते की काय बोलायचं ते घोकत होते, कोण जाणे.

नानांच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "चर्चमध्ये शेत. आज तेस्ना सण शे ना."

म्हणजे नाना चर्चमध्ये होते, आणि तिथेही कापणीचाच सण होता! आम्ही चर्चच्या आवारात शिरलो, तेव्हा अर्पणात आलेल्या मालाचा लिलाव रंगात आला होता. आणि टेबलावर उभे राहून, दोन्ही हातांत लालबुंद डांगर भोपळा उंच धरून लिलाव पुकारत होते ते नाना. धिप्पाड, पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज. "बघा हे डांगर! घरभर पुरून उरेल! बोला, कोण बो…"

त्यांची नजर आबांवर पडली आणि आवाज तिथेच तुटला. डांगर तसंच वर. गर्दी मागे वळून बघू लागली.

आबा गर्दीतून वाट काढत टेबलापाशी गेले. घोकलेलं सगळं विसरले असावेत, कारण एवढंच म्हणाले, "भाऊ, मी थांबायला हवं होतं. माझं चुकलं."

नानांनी डांगर छातीशी धरलं. मग ते म्हणाले, "आधी हे डांगर विकू दे."

अख्खं आवार हसलं! पण नानांनी ते डांगर इतक्या घाईघाईने विकलं की घेणारीलाही कळलं नाही आपल्याला ते मिळालं कसं. खाली उतरून त्यांनी आबांना जी मिठी मारली, ती सुटेचना. आबा पुन्हा माफीचं काही बोलू लागले, तर नाना त्यांच्या पाठीवर थापा मारत म्हणाले, "जाऊ दे रे. तू उना ना, बठ्ठं व्हयनं!" तू आलास ना, सगळं झालं. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. माझ्याकडे वळून नानांनी विचारलं, "हाई आपली सून शे का?" मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच, भाज्यांच्या ढिगाऱ्यात उभं राहून, आमच्या लग्नाची राहिलेली प्रार्थना केली. चांगली लांबलचक. मी आणि आमचे हे शेजारी शेजारी उभे होतो. मला पुन्हा एकदा नवरी झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी नाना भुसावळला आले. पाळकसाहेबांनी घड लिलावात काढला नव्हता, वेदीच्या कडेला तसाच ठेवला होता. एव्हाना केळी पिकून त्यांवर काळे ठिपके पडले होते आणि सगळ्या चर्चमध्ये त्यांचा गोड वास भरला होता. दोघा भावांनी दोन बाजूंनी घड उचलून अर्पण केला. लिलावाची वेळ निघून गेली होती, म्हणून पाळकसाहेबांनी उपासनेनंतर दारातच केळी सगळ्यांना वाटून टाकली. लोक खात होते, नानांशी हात मिळवत होते, मुलं दुसऱ्यांदा रांगेत शिरत होती.

नाना त्या वेळी बुधवारपर्यंत राहिले. संध्याकाळी सतरंजी अंथरली, तेव्हा ते आबांच्या शेजारीच बसले. त्या दिवशी वाचायची पाळी माझी होती. मी शास्त्र उघडलं, आणि वेदीपाशीच्या अर्पणाचा तोच पाठ असलेला उतारा पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा एकेक शब्द बघत सावकाश वाचला.