फिल्टरवरची तारीख

इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये थंडी पडायच्या आत शेजारचे काका आमच्या घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला येतात. मी इंजिनिअर असूनही तो हमखास उलटा बसवतो. "हवा जाते तिकडे बाण! किती वर्षं सांगू?" म्हणत ते नव्या फिल्टरवर मार्करने तारीख घालतात आणि बजावतात, "जुन्या फिल्टरवर हीट लावायची नाही हं."

परवा त्यांची आमच्याकडे विसरलेली बॅटरी द्यायला गेलो, तर घर गार पडलेलं. बेसमेंटमध्ये काका दोन स्वेटर घालून उघड्या फर्नेससमोर उभे. नवा फिल्टर भिंतीला टेकवलेला. आतल्या काळपट फिल्टरवर गेल्या दिवाळीतली तारीख होती, काकूंच्या अक्षरात. काकू उन्हाळ्यात गेल्या.

"मी बदलू का, काका?"

त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं. "अजून एवढी थंडी कुठे आहे रे?"